मी जंगल वाचवलं तो रविवार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग चहा घशात अडकला तर मला बोल लावू नका. बाकीच्यांचे गाढवपणे मी रोज सांगतो. आज माझा ऐका. असा मुहूर्त परत यायचा नाही.

आमची बिल्डिंग बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कला अगदी खेटून. मागच्या गल्लीतला चढ चढला की जंगलच. गिरणी सुटल्यापासून रोज सकाळी तिथे माझी फेरी असते. करवंदाची कुठली जाळी गोड, कुठली तुरट, कुडा आधी कुठल्या उतारावर फुलतो, सगळं मला ठाऊक. शिक्षण चौथीपर्यंत, पण जंगलाच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही. हा माझा नियम होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

आमची सून स्नेहल. बँकेत आहे, हुशार आहे, पण तिला धावायचं वेड लागलं. तेही रस्त्यावर नाही. जंगलात, दगडधोंड्यांतून, पायवाटेने. त्याला म्हणे ट्रेल रनिंग म्हणतात. मी म्हटलं, "अगं, आमच्या गावाला ह्याला शाळेत जाणं म्हणायचे."

ती हसली आणि बुटाची नाडी बांधत राहिली. दोनदा सडकून आपटली, तरी सोडलं नाही. मग शर्यतीत नाव घातलं. माझा मुलगा नितीन म्हणायचा, पुरी केलीस तरी पुष्कळ. पण तिला पहिलं यायचं होतं. तसं बोलली नाही कधी. गुडघ्याला हळद लावताना दात असे आवळायची ना, त्यावरून मला कळायचं.

शनिवारी जेवताना ती सांगायला लागली, "आबा, उद्याची शर्यत तुमच्याच वाटेवरून आहे, तर तिथे आम्ही…"

मी हात वर केला. "मला माझी वाट सांगू नकोस." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आता त्या 'तिथे आम्ही'च्या पुढे काय होतं, ते ऐकायला माझ्या बापाचं काय जात होतं?

रविवारी ती अंधारातच पार्कच्या पलीकडच्या टोकाला गेली, शर्यत तिकडून सुटणार होती. मी आपला नेहमीसारखा उजाडल्यावर मागून चढलो. पलीकडच्या टोकाकडून येणाऱ्या वाटेच्या ओढ्यापाशी दोन वाटा होतात. एक वर डोंगरात जाते, एक खाली आमच्या गल्लीत उतरते. वरच्या वाटेला लागलो आणि जागीच थबकलो. झाडाला नारिंगी फीत. पुढच्या झाडाला फीत. त्याच्या पुढच्या कांडोळाला पण फीत.

तुम्हाला वाटेल, त्यात घाबरायचं काय? अहो, आमच्या गल्लीतल्या गुलमोहराला आधी लाल पट्टा आला होता. मग नंबर आला. मग करवत आली. आता तिथे रस्ता रुंद झालाय, त्यावर गाड्या उभ्या असतात आणि आम्ही चालतो गटाराच्या कडेने. उपनगरातल्या म्हाताऱ्याला विचारा, झाडावर खूण दिसली की तो त्याच्या नावाने आंघोळच करून घेतो.

मी ठरवलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर ह्या जंगलाला करवत लागायची नाही. एकेक फीत सोडली. तोडली नाही, सोडली. चांगला माल होता, फुकट का घालवा? वरच्या वाटेवर एक ठेवली नाही. खिसे भरले, पिशवी भरली, छाती पण भरली.

इथपर्यंत थांबलो असतो तर अर्धाच गाढव ठरलो असतो. पण ओढ्यापाशी परत आलो आणि डोक्यात किडा वळवळला. ह्या लोकांना काहीतरी तोडायचंच आहे ना? मग तोडण्यासारखं मी दाखवतो की!

खालच्या वाटेच्या तोंडालाच एक गंजका खांब आहे, वर्षानुवर्षं लोकांच्या पँटी फाडतो. त्याला बांधली पहिली फीत. पुढे कोणीतरी फुटके संडास आणून टाकलेत, त्या ढिगाला दुसरी. गल्लीत एका बिल्डरने पत्रे ठोकून फूटपाथ गिळलाय, त्या पत्र्यांना ओळीने. उसाच्या रसाची मेलेली गाडी, तिला. बिनमालकाची स्कूटर, तिला. शेवटी आमचं गेट. तिथे आमचे सेक्रेटरी पाटकर तुळशीपासून निवडुंगापर्यंत सगळ्या कुंड्या वाटेत मांडून ठेवतात, माणसाने कडेकडेने आत शिरायचं. त्या कुंड्यांना तर घट्ट गाठी मारल्या. एकच फीत उरली, ती खिशात ठेवली.

घरी येऊन गॅलरीत खुर्ची टाकली, चहा मागितला आणि बायकोला माझा पराक्रम सांगायला बसलो. वाटेत जे आडवं येतं त्याला फीत, असा सरळ नियम लावला, म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

तेवढ्यात गल्लीच्या वरच्या टोकाकडून कोणीतरी धावत आलं. घामाने निथळलेलं, चिखलाने माखलेलं. स्कूटरला वळसा घालून, रसाच्या गाडीला वळसा घालून, थेट आमच्या गेटात. पाटकरांच्या निवडुंगाला हात लावून थांबलं. बघतो तर स्नेहल.

ती इकडे बघते, तिकडे बघते. कमान नाही, ढोल नाही, केळी वाटणारी माणसं नाहीत. वर मी, हातात कपबशी.

"आबा," ती धापा टाकत म्हणाली, "ह्या फिती इथे कशा आल्या?"

मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. जंगल कसं वाचवलं ते. आणि मी सांगत असतानाच तिच्या मागून दुसरा आला, तिसरी आली, मग जथाच आला. फितीमागून फीत धरत सगळे आमच्या गेटात. एक जण तर खूश होता. म्हणाला, रूट झकास होता, तो संडासांवरून उडी मारायचा भाग खास आवडला. एकाने मला मेडल कुठे मिळेल विचारलं. पाटकर लुंगीवर धावत खाली आले आणि कुंड्यांसमोर हात पसरून उभे राहिले.

मग मला कळलं की त्या फिती धावणाऱ्यांना वाट दाखवायला बांधल्या होत्या. 'तिथे आम्ही'च्या पुढे हेच होतं.

बायकोने सगळ्यांना पाणी दिलं. माझ्याकडे कपबशी होती, तिच्याआड जेवढं तोंड लपेल तेवढं लपवलं. स्नेहल वर आली, पायरीवर बसून बूट सोडले. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी, वाट लावेल माझी. ती फक्त एवढंच म्हणाली, "आबा, मी पहिली होते."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शर्यतवाल्यांनी पुढच्या रविवारी शर्यत परत ठेवली. मी मनाशी ठरवलं, ओढ्यापाशी स्वतः उभा राहीन, प्रत्येक फितीची राखण करीन आणि सून आली की टाळ्या वाजवीन. कोणाला बोललो नाही. सकाळी चप्पल घालायला गॅलरीत आलो.

स्नेहल त्या दिवशी पहिली आली. मी ते बघितलं नाही, नितीनने फोनवर सांगितलं. कारण गॅलरीत माझ्या खुर्चीच्या हाताला एक नारिंगी फीत बांधलेली होती. घट्ट, दोन गाठींची. खिशातली ती उरलेली.

"हे कोणी केलं?" मी ओरडलो.

आमची ही दारात आडवा पाट टाकून बसली होती, पुढ्यात तांदूळ निवडायचं सूप. आमचं गाव मालवणकडचं, आणि ती रागावली की तिथलीच भाषा बोलते.

"जां वाटेत आडवां येता, त्येका फीत," ती म्हणाली. "नियम तुमचोच."

मी मुकाट खुर्चीत बसलो. म्हटलं, करवत यायच्या आत चहा तरी पिऊन घ्यावा.