कुणाची गं तू?

शिवकांताताई तारांशी बोलत. माझी त्यांच्याशी पहिली भेट झाली ती त्यांच्या पाठीशी. परभणीत मे महिना तापला होता, बाहेर डांबर मऊ झालेलं, आणि आमच्या केंद्राच्या एसीनं गारठलेल्या यंत्रखोलीत एक बाई नऊवार नव्हे, साधी पाचवारी नेसून, वर लोकरीचा स्वेटर घालून कपाटामागे गुडघ्यांवर बसली होती. एक निळी तार दोन बोटांत धरून ती हळूहळू पुढे सरकत होती आणि त्या तारेला विचारत होती, "कुणाची गं तू? कुठून आलीस?"

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी मागे न बघता म्हटलं, "दादा, जरा थांबा. हात सुटला तर पुन्हा पहिल्यापास्नं."

मी पंधरा मिनिटं उभा राहिलो. तारेचं दुसरं टोक सापडल्यावर त्या उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "हं, आता सांगा. तुमीच का ते पावसाचं गणित करणारे?"

पेडगाव रस्त्यावरच्या त्या छोट्या संशोधन केंद्रात आम्ही पावसाचं आणि गारपिटीचं गणित करत होतो. एका यंत्राला ते पेलत नाही, म्हणून बत्तीस यंत्रं तारांनी जोडलेली होती. मराठवाड्याच्या नकाशाचे बत्तीस तुकडे करायचे, एकेका यंत्राला एकेक तुकडा द्यायचा. प्रत्येक पावलाला प्रत्येक यंत्र शेजारच्याला विचारणार, तुझ्या कडेला ढग कुठवर आलाय? उत्तर आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. गणित माझ्याकडे होतं. यंत्रांचं एकमेकांशी बोलणं शिवकांताताईंकडे, म्हणजे कचेरीच्या भाषेत शेटेबाईंकडे. परभणीतून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या, ताडकळसच्या लिंगायत घरातल्या, कंत्राटावर घेतलेल्या. रोज सकाळच्या एसटीनं येत. गळ्यातलं लिंग पदराआड असे, फक्त वाकल्यावर दोरा दिसे.

पुढे यंत्रं बत्तीसची शहाण्णव झाली आणि गणित सुरूच होईना. सुरू करायचा अवकाश, यंत्रं एकेक करून मान टाकत. हैदराबादहून यंत्रं पुरवणारी माणसं आली. मेमरी कमी पडते, वाढवून घ्या, असं सांगून गेली. शिवकांताताईंनी दोन दिवस पडद्यावर नुसतं पाहिलं. मग माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "दादा, तुमच्या गणितात एका मशीनीला किती जणींशी बोलावं लागतंय?"

"शेजारच्या आठ. फार तर दहा."

"मग ह्या सकाळी उठल्या उठल्या सगळ्या पंच्याण्णव जणींशी कामून नातं जोडायल्यात?"

मला ठाऊक नव्हतं. सुरुवातीलाच प्रत्येक यंत्र बाकीच्या प्रत्येकाशी जोडणी उघडून ठेवत होतं आणि प्रत्येक जोडणीसाठी मेमरीतली थोडी थोडी जागा अडवत होतं. बत्तीस होती तोवर ते खपून गेलं.

"आमच्या ताडकळसच्या बाजाराला हजार माणूस येतंय," त्या म्हणाल्या. "सगळ्यानं सगळ्याला रामराम घातला तर सौदा कधी करायचा? ज्याची शीव लागली त्याच्याशीच बोलावं. बाकीच्याशी काम पडलं तवा बघू."

त्यांनी तसंच करून दिलं. जोडणी गरज पडेल तेव्हा उघडायची, बराच वेळ कामाला आली नाही तर मिटायची. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी गणित चालू झालं. मेमरी घ्यावी लागली नाही. संचालकांनी माझी पाठ थोपटली, कारण दारात मी उभा होतो. ताई कपाटामागे होत्या.

एकदा ऐन गारपिटीच्या दिवसांत आमचं गणित रेंगाळायला लागलं. सकाळी दहाला जो अंदाज गावोगाव जायला हवा, तो दुपारी हाती येई. तोवर ज्याची ज्वारी आडवी व्हायची ती झालेली असे. तीन दिवस मी माझं लिखाण तपासत होतो. बंद पडलेलं काहीच नव्हतं, सगळे दिवे हिरवे. चौथ्या दिवशी ताईंनी एका तारेवर बोट ठेवलं. ती चालू होती, पण निरोप अर्धवट पोचवत होती आणि तोच तोच पुन्हा पाठवत होती. एक यंत्र तिच्यासाठी खोळंबे आणि त्याच्यासाठी बाकीची सगळी.

"तुटलेली तार बरी हो दादा," त्या म्हणाल्या. "ती सांगती तरी, की बाई मी तुटले. ही अर्धी चालणारी लय लबाड. हिच्यापायी सगळे थांबतेत आणि ही मात्र हिरवीगार."

तार कपाटाच्या दारात चेंबली होती. दार आठवड्यापूर्वी मीच ढकलून लावलं होतं, हे मला आठवत होतं आणि त्यांना दिसलं होतं. संचालकांनी विचारलं, दार कुणी लावलं?

"लागलं, साहेब," ताई म्हणाल्या.

"लागलं म्हणजे? कुणी लावलं?"

"लागलं."

त्यापुढे त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही नाही.

मग केंद्र बंद व्हायचं ठरलं. यंत्रं पुण्याच्या मुख्य कचेरीत जाणार होती. संचालकांनी मला एकट्याला बोलावून सांगितलं, "तुमची बदली यंत्रांबरोबर. कंत्राटावरचं कुणी येणार नाही. शेटेबाईंना एवढ्यात सांगू नका. तारा काढून होऊ द्या, नाहीतर तो गुंता तिथं कुणाला सुटायचा नाही." मी बरं म्हणालो. एवढंच म्हणालो.

अकरा दिवस ताई तारा काढत होत्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. कुठल्या यंत्राच्या कुठल्या खाचेतून निघाली, सगळ्या तारा जिथं एकत्र येत त्या स्विचच्या कुठल्या खाचेत गेली, सगळं बारीक अक्षरात. शिवाय मोठ्या कागदावर नकाशा. मध्येच विचारायच्या, "पुण्यात मठाच्या आसपास खोली मिळंल का हो दादा?" मी म्हणायचो, बघू. "पोरीची शाळा मधीच सोडवावी का वर्ष संपू द्यावं?" बघू. त्यांच्या मालकांचं, महालिंगअप्पांचं, ताडकळसला किराणा दुकान होतं. ते धाकट्या भावाच्या हवाली करायचं ठरत आलं होतं. तेही मी ऐकलं.

नवव्या दिवशी आस्थापनेच्या कारकुनानं त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. जमा करून घ्यायचं म्हणून. त्या यंत्रखोलीत आल्या. मी खोक्यांवर आकडे टाकत होतो.

"दादा, तुमाला ठावं होतं?"

"हो."

"कधीपास्नं?"

"पहिल्यापासून."

त्या खाली बसल्या, कात्रीनं चिठ्ठीचा तुकडा कापला आणि पुढची तार उचलली. मी म्हणालो, आता राहू द्या, तुम्हाला कशाला हा त्रास. त्या म्हणाल्या, "तारांनी काय गुन्हा केलाय?"

मला त्या वेळी काय वाटलं ते आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केलाय. काही वाटलं नाही. एक वाजला, मी डबा उघडला. भेंडी होती. पोळ्या दोन खाल्ल्या की तीन, तेवढं नेमकं आठवत नाही.

राहिलेले दोन दिवस त्या वेळेवर आल्या आणि वेळेवर गेल्या. शेवटच्या संध्याकाळी नकाशा घडी घालून माझ्या हातात दिला. "सर, हा वरच ठेवा. खोक्यात खाली गेला तर सापडायचा न्हाई." सर, असं त्या मला त्या नवव्या दिवसापासून म्हणायला लागल्या.

पुण्याला यंत्रं पोचली. तिथल्या लोकांनी आठवडा लागेल असं धरलं होतं. चिठ्ठी बघून तार लावायची, पुढची घ्यायची. दीड दिवसात शहाण्णवच्या शहाण्णव एकमेकांशी बोलायला लागली, एकही तार बदलावी लागली नाही. कुणीतरी विचारलं, एवढं नीट कुणी केलं? मी नाव सांगितलं. त्या येणार आहेत का? नाही, म्हटलं. मग मी ताईंना फोन लावला. दुकानातला गलका ऐकू येत होता.

"पहिल्या झटक्यात लागलं सगळं," मी म्हणालो.

"बरं झालं, सर. ठेवते. गिऱ्हाईक आलंय."

माफी मागायला म्हणून मी फोन केला होता, असं मी बायकोला सांगितलं. फोनवर तो शब्द आला नव्हता. नंतर दर दिवाळीला त्यांचा नंबर काढायचो आणि शुभेच्छांचं चित्र पाठवायचो. त्या हात जोडल्याचं चित्र पाठवत. अशी चार वर्षं गेली.

एका सकाळी त्या जुन्या कारकुनाचा निरोप आला. शेटेबाई गेल्या. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मुलगी हैदराबादहून यायची म्हणून संध्याकाळपर्यंत थांबणार होते. मी गाडी काढली. नऊ तासांत चहाला एकदा थांबलो.

त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. ताईंना बसवलं होतं. मांडी घातलेली, कपाळाला ठसठशीत विभूती, तळहातावर लिंग, भोवती झेंडूच्या माळा. टाळ वाजत होते. चेहरा समोर, जणू कुणी विचारलं तर सांगतील. समाधीच्या खड्ड्यात त्यांना तसंच बसतं उतरवलं. रांगेनं एकेक जण बेलाचं पान टाकत होता. माझी पाळी आली, मी टाकलं. पान त्यांच्या खांद्यावर पडलं आणि घसरून खाली गेलं. मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी बाजूला जाऊन उभा राहिलो होतो.

तिथं महालिंगअप्पा आले. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. "तुमी पुण्याहून आलात न्हवं? तारांच्या हापिसातले." माझ्याबद्दल त्यांना काय सांगितलं गेलं होतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो. काही नव्हतं. ताईंनी घरी काहीच सांगितलं नसावं. दार जसं नुसतं 'लागलं' होतं, तसं हेही नुसतं 'झालं' असावं.

"लय जिवानं केलं होतं हो तिनं ते काम," अप्पा म्हणाले. "घरी येऊन बी कागदावर रेघा ओढायची. चालायल्यात का त्या मशीनी अजून?"

ती यंत्रं आदल्या वर्षीच मोडीत निघाली होती. नवी आली, तशी जुनी भंगाराच्या गाडीत भरली. यादीवर सही माझीच होती.

"चालायल्यात," मी म्हणालो. त्यांच्याच बोलीत म्हणालो, का ते कळलं नाही.

अप्पांनी मान हलवली. पलीकडे बायकांमध्ये मुलगी बसली होती, तिला हाक मारून जवळ घेतलं. "ऐकलंस का गं, हे सर काय म्हणायलेत? तुझ्या आईनं जोडलेल्या मशीनी अजून चालायल्यात."

मुलीनं डोळे पुसले. पदर सारखा केला आणि वाकून माझ्या पाया पडली.