घागरींचा पत्रा आणि गळका घुमट

धामणगाव बढ्याला माझ्या काकांचं वर्कशॉप आहे, मीही तिथेच काम करते. तिथे पत्र्याची कात्रणं आणि किस्से, दोन्ही रोज साठतात. कात्रणं भंगारवाला नेतो. किस्से माझ्याकडे राहतात, कोणी चहाला आलं की आपोआप बाहेर पडतात.

*

शेजारच्या गावातल्या महादेवाच्या देवळाचा घुमट गळायचा. बायांनी घरच्या पितळी घागरी दिल्या, त्या वितळवून घुमट मढवायला पत्रा आला. चुकीचा कापला तर दुसरा नाही. मी इंजिनियर, म्हणून काकांना म्हटलं, घुमटाचे फोटो काढून द्या. माझा प्रोग्राम तो आकार सपाट पसरून कापायच्या रेघा काढून देईल.

काका आयुष्यभर नजरेनं पत्रा कापत आलेले. म्हणाले, "घुमट गोल, पत्रा सपाट. तुहा कॉम्प्युटर काय दोघाइले समजावून सांगते?"

*

पहिल्याच दिवशी माझी नाचक्की. पत्रा जिथे ताणावा लागेल तिथे स्क्रीन लाल होते. घुमटाचे मी पाकळ्यांसारखे आठ तुकडे पाडले होते, त्या आठही पाकळ्यांची खालची कड लालभडक! काकू तेव्हा अंगणात उपड्या गोल खापरावर मांडे टाकत होत्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "कणीक ताणते म्हणून मांडा खापरावर बसते. पत्रा थोडाच ताणते? फाटायच्या आधी तूच काप ना तिथं."

आठाच्या सोळा पाकळ्या केल्या. लाल गेलं. कॉलेजात हे मला इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं.

*

मग स्क्रीनवर एका पाकळीला टेंगूळ आलं. दोन दिवस मी कोड उसवत बसले. शेवटी फोटो मोठा करून पाहिला. चटका बसू नये म्हणून काकांनी घुमटावर खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी ठेवली होती आणि तिथेच विसरले होते. प्रोग्रामनं इमानदारीनं तिचंही माप घेतलं होतं.

काका म्हणाले, "म्हंजे महादेवाच्या आधी माह्याच दुपट्ट्याले मढवून राह्यली होती तू." आणि दुपट्टा काढून नवे फोटो घ्यायला पुन्हा घुमटावर चढले.

*

सोळावी पाकळी बसली. सांधे बंद झाले. आता परीक्षा. घागरी दिलेल्या, म्हणून बाया प्लास्टिकच्या हंड्यांतून पाणी घेऊन आल्या. काका वरून हंड्यामागून हंडा ओतत होते. आत, बरोबर घुमटाखाली, काकू कोरड्या पिठाची परात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी बाहेर उभी होते.

शेवटचा हंडा रिकामा झाला. काकू बाहेर आल्या आणि परात माझ्यापुढे धरली. पीठ भुरभुरीत.

"आता आण पाणी," त्या म्हणाल्या, "मांडे करू."