रेघ कुठाय, बाई?

"पळतंय का?" असं विचारत सर आत यायचे, लगेच बाहेर जायचे आणि निम्मा चहा टाकून परत यायचे. "बाई, पळतंय का?"

पळायचा तो डीएनए. सांगलीच्या आमच्या प्रयोगशाळेत तो जनावरांच्या रक्तातून काढायचा, चायनाग्रासच्या वडीसारख्या जेलमध्ये भरायचा आणि वीज सोडायची. मग तासभर नुसतं बसायचं. तेवढंच सरांना जमत नव्हतं. त्यांच्या खुर्चीवर आम्ही डबे ठेवायचो. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच.

मी तेव्हा नवी. एम.एस्सी.चा तोरा एवढा, की पांढरा कोट घालून मंडईत भाजी आणायला जायचे!

एकदा जतकडचा एक मेंढपाळ आपल्या म्हाताऱ्या मेंढीच्या रक्ताची नळी घेऊन आला. तिचं कोकरू शेजाऱ्याच्या कळपात गेलं होतं आणि शेजारी ते आपलंच म्हणत होता. कोकराचं रक्त आमच्याकडे आधीच आलं होतं. मायलेकरांची ओळख पटली, तर कोकरू परत मिळणार होतं. पण मेंढीनं चारा सोडला होता.

जेलचा फोटो निघाला. वरपासून खालपर्यंत लख्ख. मी ओरडले, "सर, भरपूर आहे! कसा चमकतोय बघा!"

सरांनी फोटो खिडकीशी धरला, मान तिरकी केली. "चमकतंय, व्हय. लग्नातल्या बायकांगत चमकतंय. पण रेघ कुठाय, बाई? हा धुरळा हाय. डीएनए धड असला की वरच रेघ धरून थांबतो. तुटला की तुकडे खाली पळत सुटतात."

त्यांनी मेंढपाळाला विचारलं, "नळी आणली कशी?"

"घोंगडीत गुंडाळून, छातीशी धरून," तो अभिमानानं म्हणाला. "गार रक्त म्हंजी मेल्याचं, सायेब. म्हनून उबेत आनलं."

आम्ही दिलेला बर्फाचा डबा त्यानं घरीच ठेवला होता आणि उबेत डीएनए तुटला होता. मला हसू आलं. सरांना नाही. त्यांनी दुसरा डबा उचलला. "चल गड्या, मेंढी हाय तवर."

"सर, उद्या गाडी मिळेल," मी म्हटलं.

"मेंढीला उद्याचं सांगून येता का तुमी?"

दोघं एसटीनं जतला गेले. दुसऱ्या दिवशी जेल लावलं आणि सरांच्या मागोमाग मीही फेऱ्या घालत राहिले. फोटो आला. वर एकच रेघ, धारदार. पुढं जुळणी झाली. मेंढपाळाचा फोन आला, "सायेब, घरला आलं. म्हातारी चाटाया लागलीया त्याला!"

मी खोडी काढली. "सर, धड ते जागेवर थांबतं, तुटकं पळतं. मग तुमचं काय?"

ते खूप हसले. मग कप खाली ठेवला. "आपला धुरळाच हाय, बाई. घरात हाय कोण, बसायला?" वहिनी गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

परवा सरांच्या गावी, रहिमतपूरला, त्यांच्या दहाव्याला गेले. मेंढपाळ आला होता, केस पिकलेले, हातात नवं घोंगडं. "त्याच कोकराच्या वंशाची लोकर हाय, ताई." सरांच्या रिकाम्या खुर्चीवर त्यानं ते नीट अंथरलं. "बसा म्हनलं, तर कवा बसलंच न्हाईत."

आम्ही दोघं खुर्चीसमोर सतरंजीवर टेकलो. आत चहा उकळत होता. मला काही बसवेना. सारखी उठून दारापर्यंत जाऊन येत राहिले.