बायको चालवते तेव्हाच बंद पडणारी गाडी

गाडी वर्कशॉपच्या दारात वळायच्या आत तिचं दुखणं नुसत्या आवाजावरून सांगायचा, म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत, पण त्यानं ते मनावर घेतलं आणि तपासताना डोळे मिटायला लागला. डोळे मिटून इंजिन जास्त ऐकू येतं अशातला भाग नव्हता, पण गिऱ्हाईक दबून राहायचं.

अशा थोर माणसाच्या घरचीच गाडी चालता चालता बंद पडू लागली. तीही फक्त बायकोच्या हातात.

बायको नर्स. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. जुन्या गाडीवाचून तिचं पान हलत नसे. बरी पळणारी गाडी एकाएकी गचके द्यायची आणि भर रस्त्यात मान टाकायची. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. कानसेनानं प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला. दर वेळी टाकीचं झाकण काढून पेट्रोलचा वास घेतला, कारण आपल्याला भेसळ नाकानं कळते असा त्याचा आणखी एक समज होता. मग ट्रायल घेतली. गाडी सुरळीत पळाली.

"गाडीत काही नाही. तू क्लच चुकीचा दाबतेस," त्यानं निकाल दिला.

"अहो, सरळ रस्त्यावर क्लचला पाय तरी लावते का मी?"

"तेच तर. नको तिथे लावत असशील."

हे उत्तर त्याला इतकं आवडलं की त्यानं ते वर्कशॉपमध्येही सांगितलं. सगळे पोट धरून हसले. बायको मात्र हळूहळू वाद घालेनाशी झाली. निघण्याआधी, कुठल्या रस्त्यानं जाऊ, असं विचारू लागली. यात आपला विजय आहे असं वाटण्याइतका तो गाढव होता.

एके सकाळी ती म्हणाली, "आज शेजारी बसा. माझं कुठं चुकतं ते एकदा बघा."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात काकुळती होती. घाईत पेट्रोलचा वास घ्यायचं राहिलं आणि तो शेजारी बसला. गिअर ती त्याच्यापेक्षा अलगद टाकत होती. क्लचवर बोट ठेवायला जागा नव्हती. आणि चौकात गाडीनं गचके दिले, बंद पडली.

मागे हॉर्नचा गदारोळ. त्यानं बॉनेट उघडून उगाच दोन वायरी हलवल्या. मग बघ्यांसमोर काहीतरी करायला हवं म्हणून टाकीकडे गेला. झाकण फिरवताच हवा सूं करून आत ओढली गेली.

पेट्रोल जसं संपेल तशी टाकीत बाहेरची हवा जायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. मूळ झाकण हरवलं तेव्हा भंगारातून हे शोधून त्यानंच बसवलं होतं. ते किती फिट बसलं म्हणून शेखीही मिरवली होती. याला भोकच नव्हतं. हवा आत जाईना, पेट्रोल बाहेर येईना. आणि हा शहाणा ट्रायलच्या आधी वास घ्यायला झाकण उघडायचा, म्हणजे आधी रोग बरा करायचा आणि मग तो कुठं सापडतो का बघायचा!

झाकण सैल लावून 'आता बघ' म्हटलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. तेवढ्यात तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"माझंच चुकलं ना?"

"नाही गं. तुझं कधीच चुकलं नव्हतं," तो म्हणाला, आणि झाकण तिच्यासमोर धरून त्यानं सगळं सांगितलं.

ती हसली नाही, चिडलीही नाही. "मी सकाळीच मोठ्या सिस्टरना कळवलंय, उद्यापासून घरोघरचं काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. मला गाडी जमत नाही, असं सांगितलं," ती म्हणाली आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.

त्यानं सिस्टरना फोन लावला. हॉर्नच्या गोंगाटात पलीकडून विचारणा झाली, "कोण बोलतंय?"

"त्यांचा नवरा," तो चौकभर ऐकू जाईल असा ओरडला. "त्यांना गाडी उत्तम येते. मला दुरुस्त करता येत नाही."