बिनअंड्याच्या केकची बातमी

शैलेंद्र वझलवारांना अमेरिकन फुटबॉल समजायला वीस वर्षं लागली आणि त्याचं वेड लागायला जेमतेम एक सीझन.

नागपूरहून अमेरिकेत चँडलरला आले तेव्हा दर सोमवारी कंपनीतले लोक कॉफीच्या मशीनपाशी शनिवारच्या मॅचबद्दल तावातावाने बोलायचे आणि वझलवार हातात कप धरून नुसती मान डोलवायचे. चेंडू लांबुळका, तोही हातात घेऊन पळायचं, आणि नाव म्हणे फुटबॉल. असल्या खेळाकडे शहाण्या माणसाने काय म्हणून बघावं? पुढे मुलगी रुही सग्वारो स्टेट युनिव्हर्सिटीत गेली, तिथल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागली, आणि पोरीला बघायला म्हणून नवरा-बायको स्टेडियममध्ये जाऊन बसू लागले. बँड वाजून झाला की शुभाताई पर्समधून पुस्तक काढायच्या. वझलवार मात्र शेजाऱ्याला विचारून विचारून नियम शिकले, वहीत आकृत्या काढून डाव समजून घेतले, आणि दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींना पकडून पकडून समजावू लागले. लोक त्यांना चुकवून चिवड्याच्या टेबलाकडे जायचे.

रुहीने डिग्री घेतली आणि त्याच टीमच्या ऑफिसात चिकटली. काम हमालीचं. खेळाडूंच्या बसगाड्या ठरवायच्या, हॉटेलं बुक करायची, पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं. पाच वर्षं ती कॉन्ट्रॅक्टवर राबली. त्या अख्ख्या इमारतीत आपल्याकडची ती एकटीच, आणि एक दिवस सगळ्या टीमचा कारभार आपण बघायचा हे तिने मनाशी पक्कं केलेलं. येत्या जानेवारीत तिला कायम करायचं ठरलं होतं. बॉसने तसं तोंडी सांगितलंही होतं.

वझलवारांची गाडी मात्र उलट्या दिशेने चालली होती. चिप बनवणाऱ्या कंपनीत सव्वीस वर्षं काढल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी पंधरा मिनिटांच्या एका व्हिडिओ कॉलवर त्यांची नोकरी गेली. तिथे त्यांच्या एका सहीवाचून मशीन सुरू व्हायचं नाही. घरी आता कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालणं आणि मटार सोलणं एवढंच खातं त्यांच्याकडे उरलं. फोन वाजायचा तो शुभाताईंचा. त्यांचं मंडळ, त्यांचं गाणं, त्यांच्या चार मैत्रिणी. वझलवारांना कुणी काही विचारेनासं झालं, आणि हे त्यांना फार लागलं.

विचारायचे ते फक्त टीमच्या चाहत्यांच्या ऑनलाइन फोरमवर. नोव्हेंबरच्या शेवटी सग्वारो स्टेटने हेड कोचला काढलं आणि फोरमवर नुसता कल्ला सुरू झाला. नवा कोच कोण? एका गटाला म्हातारा वेड पुलियम हवा होता. तो दोनदा निवृत्त होऊन दोनदा परतलेला, पण जिंकायची सवय असलेला. दुसरा गट म्हणायचा, घरचाच असिस्टंट कोच घ्या, पोरांना तो माहीत आहे, पैसाही वाचेल. तिसऱ्या गटाला ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजचा तरुण कोच ब्रॅनिगन हवा होता. त्याची टीम यंदा एकही मॅच हरली नव्हती आणि अडीच-तीन आठवड्यांनी तिची फायनल होती. लोक एकमेकांची अक्कल काढत होते. आपल्याकडे लग्न जमवताना मुलाच्या सात पिढ्या काढतात, तसे कोचच्या बायकोचं माहेर कुठलं इथपर्यंत शोध चालले होते.

या गोंधळात वझलवारांना मान होता, आणि तो विमानांमुळे. अशा वेळी युनिव्हर्सिटीचे बडे देणगीदार स्वतःची खासगी विमानं पाठवून उमेदवाराला गुपचूप आणतात. प्रत्येक विमानाच्या शेपटीवर नंबर असतो आणि ते कुठे चाललंय ते इंटरनेटवर कुणालाही बघता येतं. वझलवारांनी अकरा देणगीदारांच्या विमानांचे नंबर जमवले आणि रोज सकाळ-संध्याकाळ कोणतं कुठे उतरलं याचा तक्ता टाकायला सुरुवात केली. तीन-चार हजार माणसं तो वाचायची. ‘ऑरेंज सिटी काय म्हणतो?’ असं विचारायची. फोरमवरचं त्यांचं नाव ते. टीमची जर्सी नारिंगी असल्यामुळे सगळ्यांना तो कडवा भक्त वाटे. नागपूरचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग माती खाल्ली. एक विमान आर्कान्सामधल्या पुलियमच्या गावाजवळ उतरलेलं दिसलं आणि वझलवारांनी ठोकून दिलं की पुलियम पक्का. दोन दिवसांनी कळलं, देणगीदार तिथे बदकांच्या शिकारीला गेला होता. त्या दिवसापासून जवळच्या मेसा गावातल्या अर्ल नावाच्या एका माणसाने त्यांच्या प्रत्येक पोस्टखाली बदकाचं चित्र चिकटवायला घेतलं. बघता बघता सगळेच चिकटवू लागले. चार दिवस वझलवार नीट जेवले नाहीत. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांपुढे आपली लाज गेली, याचं दुःख घरात सांगणार तरी कुणाला?

गुरुवारी दुपारी रुहीचा फोन आला, आईला. वझलवार टेबलाशी बसून मटार सोलत होते. शुभाताई ऐकता ऐकता मोठ्याने बोलत होत्या, “अंडं अजिबात नको? बरं. रंग जांभळा. सहा मेणबत्त्या. शनिवारी बारापर्यंत. नाही गं, कुणाला नाही सांगत.” फोन ठेवून त्या म्हणाल्या, पोरीच्या कामाचं काहीतरी आहे, आपल्या त्या गुजराती बाईंकडे एगलेस केक सांगायचाय. चँडलरमध्ये बिनअंड्याचा चांगला केक कुठे मिळतो हे आपल्या बायकांइतकं कुणाला ठाऊक असणार, म्हणून रुहीने आईला गाठलं. एवढंच.

वझलवारांचा हात शेंगेवर थांबला. ब्रॅनिगनची गेल्या वर्षीची एक मुलाखत त्यांनी दोनदा पाहिली होती. धाकट्या मुलीला अंडं चालत नाही, म्हणून घरात कुणीच खात नाही, असं तो हसत हसत सांगत होता. पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती.

म्हणजे ब्रॅनिगन येतोय. शनिवारी, कुटुंबासकट, पोरीच्या वाढदिवसाला.

गुरुवार त्यांनी कसाबसा गिळला. शुक्रवारी दिवसभर फोरम उघडून नुसते वाचत बसले. ब्रॅनिगन कसला येतोय आपल्याकडे, असं सगळे म्हणत होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला अर्लने लिहिलं, ‘बदकाला विचारा.’ त्याखाली साठ जण हसले. शुभाताई गाण्याच्या क्लासला गेल्या होत्या. वझलवारांनी लिहिलं, ‘ब्रॅनिगन. उद्या. बायकामुलांसह.’ लगेच बदकं आली, दहा, वीस, तीस. पुरावा दे, लोक म्हणाले. तेव्हा या माणसाने, ज्याने सव्वीस वर्षं कंपनीची गुपितं पोटात ठेवली होती, एक ओळ आणखी लिहिली. ‘उद्या दुपारी सहा वर्षांच्या मुलीसाठी इथे जांभळा बिनअंड्याचा केक येतोय. बघत राहा.’

रुहीचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता. केक म्हणजे काय, कुणीही मागवतं, असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला.

पंधरा मिनिटांत कुणीतरी ती मुलाखत शोधून काढली. तासाभरात चाळीस पानं भरली. बदकं नाहीशी झाली. अर्लने स्वतः लिहिलं, ‘माफ कर भावा, तू महान आहेस.’ वझलवारांनी ते तीनदा वाचलं. शुभाताई परतल्या तेव्हा ते शीळ वाजवत कुकर लावत होते.

शनिवारी सकाळी ओहायोत ब्रॅनिगनच्या दारात कॅमेरे उभे होते. आठवड्यावर फायनल आणि कोच दुसरीकडे नोकरी बघतोय, हे त्याच्या खेळाडूंना टीव्हीवरून कळलं. दहा वाजता तो बाहेर आला, आपण कुठेही जात नाही म्हणाला आणि आत निघून गेला. विमान उडालंच नाही. बारा वाजता शुभाताईंनी आणलेला केक फ्रिजमध्ये ठेवला आणि रुहीला फोन लावला. तिने तो उचलला नाही. तीनदा लावला, तीनदा नाही.

युनिव्हर्सिटीत फार चौकशी करावी लागली नाही. केकची गोष्ट ठाऊक होती ती ब्रॅनिगनच्या बायकोला, रुहीच्या बॉसला आणि रुहीला. सोमवारी सकाळी तिच्याकडून बिल्ला आणि लॅपटॉप काढून घेतला.

दुपारी ती चँडलरला आली. डोळे सुजले होते, पण रडणं संपलं होतं. चपला न काढता तशीच स्वयंपाकघरात आली आणि आईसमोर उभी राहिली.

“आई, हू डिड यू टेल?”

वझलवार तिथेच होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं. मी, एवढाच तर शब्द. तो जिभेपर्यंत आला आणि तिथे अडकून बसला. शुभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, भाजीला मीठ घातलं की नाही आठवताना बघावं तितकंच. मग त्या पोरीकडे वळल्या.

“मीच गं. केकवाल्या बाईंना बोलून गेले. त्यांचा मुलगा ते फुटबॉल फार बघतो. माझ्या लक्षातच नाही आलं.”

 रुही म्हणाली, “एकच गोष्ट सांगितली होती तुला. वन थिंग. पाच वर्षं, आई.” आणि गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं.

वझलवार खुर्चीत बसले. शुभाताईंनी गॅस बंद केला. त्यांनी त्या बाईंना फक्त भाचीचा वाढदिवस आहे एवढंच सांगितलं होतं. घरात तो फोन ऐकणारी माणसं दोनच, त्यातलं एक आपण, मग उरलं कोण, हा हिशेब त्यांनी शनिवारी टीव्हीवर फोरम आणि केक हे शब्द ऐकले तेव्हाच मांडला होता.

“मी सांगतो तिला,” वझलवार म्हणाले. “आत्ता फोन करतो.”

“नका करू. आईची जीभ घसरली म्हणून ती माझ्यावर रागवेल, वर्ष जाईल, दोन जातील. तुम्ही ते बसून लिहिलंत. लिहून वर वाट बघितलीत लोक काय म्हणतात त्याची. ते नाही विसरणार ती.” मग त्या म्हणाल्या, “आणि मला चार माणसं आहेत. तुम्हाला ती एकच आहे.”

त्यांनी ऐकलं. सांगायला हवं होतं हे त्यांना त्या क्षणीही कळत होतं, पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटकेची किळस पुढे कित्येक दिवस गेली नाही. फोरमवर लोक अजून ‘ऑरेंज सिटी’ला हाका मारत होते. आता कोण येतंय, बाबा सांग, म्हणत होते. शेवटी घरचाच असिस्टंट कोच नेमला गेला आणि महिनाभरात सगळ्यांना तोच हवा होता असं ठरलं. वझलवारांनी खातं बंद केलं. ते बंद झाल्याचं चार दिवसांनी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

फुटबॉलच्या जगात रुहीला कुणी दारात उभं केलं नाही. गुपित फोडणारी मुलगी, हा शिक्का तिच्या आधीच सगळीकडे पोचला होता. मार्चमध्ये ती शिकागोजवळ शॉमबर्गला एका विमा कंपनीत लागली. लोकांचे क्लेम तपासायचे, साडेपाचला घरी. दर रविवारी दुपारी ती फोन करते, बाबांना. आईच्या फोनवर करत नाही. आई कशी आहे, एवढं विचारते आणि बरी आहे म्हटलं की पुढे जाते. त्या वेळी शुभाताई समोरच बसलेल्या असतात. फोन स्पीकरवर असतो हे रुहीला ठाऊक नसतं. त्या ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत ऐकतात, आणि तिला खोकला झालाय असं वाटलं तर वझलवारांकडे बघून गळ्याला हात लावतात. मग ते विचारतात, “खोकला कसा आहे गं?”

परवाच्या रविवारी रुही बराच वेळ बोलली. बर्फ अजून आहे, ऑफिसात कुणाशी फारसं जमत नाही, आणि टीव्हीवर फुटबॉलचं नाव निघालं की ती चॅनल बदलते.

“बाबा,” ती म्हणाली, “ॲट लीस्ट आय हॅव यू. तुम्हाला काहीही सांगितलं तरी बाहेर नाही जाणार, आय नो दॅट.”

समोर शुभाताईंनी मान खाली घातली. वझलवारांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“हो बाळा,” ते म्हणाले. “जेवलीस का?”