एरंडेलात विरणारा आवाज

त्या वर्षी भंडाऱ्याला माझं पीएचडीचं काम चालू होतं. माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निरनिराळ्या तेलांत किती शोषल्या जातात, ते मी मोजत असे. कुणी विचारलं तर आई सांगायची, "सोनोग्राफीसारखं काहीतरी करते." लाखांदूरकडच्या माझ्या आत्याच्या कानावर तेवढंच गेलं.

एका दुपारी ती सुनेला घेऊन एसटीनं थेट प्रयोगशाळेत आली. सून पोटुशी होती. तिला स्टुलावर बसवून आत्यानं मला कोपऱ्यात घेतलं.

"दवाखान्यात सांगत नाहीत. तू घरची हायेस. पाहून दे, पोरगा हाये का पोरगी."

"आत्या, हा गुन्हा हाये. अन् माह्याजवळ तशी मशीनच नाही."

"मंग इतक्या दिवसाची काय करून राहिली तू?"

मी दाखवलं. वाटीएवढं धातूचं भांडं, त्यात एरंडेल. तळातून लहरी निघतात, वरच्या पट्टीवर आपटून परत येतात. वरचा स्क्रू फिरवला की पट्टी वर सरकते आणि परत आलेल्या लहरींनी शेजारच्या मीटरची सुई झुकते. आत्यानं एकदा डोकावून पाहिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. सून मात्र उठून जवळ आली.

"मी फिरवू का, ताई?"

तिनं स्क्रू अगदी हळू फिरवला. सुई झुकली, परत आली. पट्टी जसजशी वर गेली, तसतसं सुईचं झुकणं कमी होत गेलं. शेवटी ती जवळजवळ हललीच नाही.

"बंद पडली का?"

"नाही. तेल जाड हाये. आवाज दूर जाऊच देत नाही, मधीच पिऊन टाकते."

"मंग तो जाते कुठी?"

"त्याची उष्णता होते. पण इतकी कमी, की बोटाले समजत नाही."

तिनं पाण्यात कसं होतं ते विचारलं. मी भांडं धुऊन पाणी भरलं. आता पट्टी पार वर जाईपर्यंत सुई दर वेळी तेवढीच झुकत राहिली. ती खुशीत हसली.

आत्या तोंड धुवायला गेली, तेव्हा सून खाली बघत म्हणाली, "बरं झालं, तुमची मशीन एवढुशीच हाये. घरून निघाल्यापासून एकच मागत होती, काही दिसू नये."

मी तिचा हात धरला.

त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले. चहा घेताना आत्याला म्हटलं, "दुसरीकडं कुठी नेऊ नको इले."

आत्यानं आपली बशी सुनेपुढे सरकवली. मग म्हणाली, "नाही नेत. इले ऊन लागलं आज, उगीच आणली."

हिवाळ्यात मुलगी झाली. बारशाला गेले तर आत्या बाळाला मांडीवर घेऊन दाराशी उन्हात बसली होती. मी हात पुढे केले.

"थांब जराशी," ती म्हणाली, "आताच डोळा लागला तिचा."