फायनलमधला घोटा

रेफ्रीने घड्याळाकडे बोट दाखवलं. "मॅडम, तुमची पाच मिनिटं सुरू."

मी बॅग घेऊन धावले. मृणाल खाली बसली होती. मास्क बाजूला फेकलेला, दोन्ही हातांनी उजवा घोटा धरलेला. मला बघताच म्हणाली, "काही झालेलं नाही. स्प्रे मारा फक्त."

मी फिजिओथेरपिस्ट. अलिबागला माझं क्लिनिक आहे. एरवी माझ्याकडे येतात ते म्हणजे ड्रायव्हरांच्या कंबरा आणि वाडीवाल्यांचे गुडघे. तलवारबाजीच्या स्पर्धेत ड्यूटी करायची ही माझी दुसरीच वेळ. पहिल्या वेळी दिवसभर मी फक्त लिंबू सरबत प्यायले होते, म्हणून यंदाही आनंदाने हो म्हटलं.

बायकांच्या सांघिक एपेची फायनल चालू होती. एपे ही जरा जड तलवार. अंगावर कुठेही टोक टेकवा, पॉइंट मिळतो. तलवारीची वायर मशीनला जोडलेली असते. टोक टेकलं की दिवा पेटतो. आपला लाल, त्यांचा हिरवा. प्रत्येक संघाच्या तिघी समोरच्या तिघींशी आळीपाळीने लढतात आणि स्कोअर रिलेसारखा पुढे चालत राहतो. आधी पंचेचाळीस करेल तो संघ जिंकला. चौथी राखीव.

मृणाल दिवेआगरच्या संघाची कॅप्टन आणि कोचही. शाळेत पीटी शिकवते. माहेर संभाजीनगरचं. लग्न होऊन आली तेव्हा सामानात तलवारींची लांबलचक बॅग होती. सुपारी वाळते त्या अंगणात तिने गावातल्या दोघींना आणि स्वतःच्या नणंदेला, सायलीला, तयार केलं. सायली राखीव होती आणि त्यात अगदी खूश होती. बॅगा सांभाळायची, पाणी द्यायची, ओरडायची. सासूबाई पहिल्यांदाच बघायला आल्या होत्या. "घरातल्या दोघी पोरी सळया घेऊन काय नाचतात ते बघू तरी," म्हणाल्या होत्या.

झालं होतं असं. मृणालने लंज मारला, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून तलवार भोसकली. पाय पडला नेमका लढायच्या लांबट पट्टीच्या कडेवर आणि घोटा आत वळला.

मी घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे बोटाने दाबलं. घोटा मुरगळला की बहुतेक वेळा हाडाच्या पुढचा मऊ भाग दुखतो. तिथे लिगामेंट असतं, हाडं बांधून ठेवणारी दोरी म्हणा. हाडावरच दुखलं तर मात्र फ्रॅक्चरची शंका घ्यायची आणि एक्स-रेशिवाय पाय टेकवू द्यायचा नाही. मृणाल ओरडली नाही. पण तिने श्वास रोखला. आमच्या धंद्यात श्वास रोखणं हे ओरडण्याच्या वरचं.

"दुखलं?"

"नाही."

"उभी राहा. एक लंज मार."

ती उठली. लंज मारला आणि घोटा पुन्हा आत लचकला.

"शूज घसरला," ती म्हणाली.

"मृणाल, शूज नाही घसरला."

एवढ्यात आयोजक नाना आले. पेणकडचे, घरची मिठागरं होती, आता ट्रेलर चालतात. स्पर्धेचा मांडव, जेवण, ट्रॉफ्या सगळं त्यांचं. "मॅडम, जरा घट्ट बांदा आन् सोडा तिला. फायनल हाय. सगली मानसं बगाला बसलीत."

"नाना, हाड गेलं असलं तर?"

"हाड काय गेला न्हाय. गेला असता तं आरडली असती."

मी टेपचा रोल हातात घेऊन बसले होते. खरं सांगते, मला खात्री नव्हती. बांधून दिलं असतं तर कदाचित ती लढलीही असती. आणि नियम कडक. दुखापतीमुळे एकदा खेळाडू बदलली की ती त्या लढतीत परत येऊ शकत नाही. शेवटची, निर्णायक फेरी मृणालची होती. तिला थांबवलं की ती फेरी राखीव खेळाडूच्या गळ्यात.

राखीव खेळाडू माझ्या खांद्याशी उभी राहून म्हणत होती, "मॅडम, द्या ना बांधून. मी शेवटची फेरी नाही खेळणार. वहिनी, सांग ना यांना!"

"सांगतेच आहे!" मृणाल म्हणाली.

रेफ्रीने एक मिनिट राहिल्याचं सांगितलं. मी रोल बॅगेत टाकला. "खेळाडू थांबतेय," मी त्याला म्हटलं.

मृणालने माझ्याकडे असं बघितलं की हातात तलवार नव्हती हे बरं. "तुम्ही फिजिओ आहात की फौजदार?"

मी तिच्या घोट्यावर बर्फ बांधून तिला खुर्चीवर बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर. शेजारी सासूबाई. सायली मास्क चढवत होती तोवर संघातल्या दुसरीने तिची वायर लावून दिली.

पहिले काही पॉइंट सायलीने वाटून टाकले. मग मृणालला राहवलं नाही. "सायली, अंगणातली कोंबडी हाकल!" ती ओरडली. अर्थ मला नंतर कळला. पुढे घुसायचं नाही, छोटी पावलं टाकत समोरच्याला मागे रेटायचं. सायलीने रेटलं. शेवटच्या फेरीत पिछाडी भरून काढत स्कोअर चव्वेचाळीसला चव्वेचाळीस झाला.

दोन्ही दिवे एकदम पेटले. सासूबाई उठून टाळ्या वाजवायला लागल्या.

"आई, बसा," मृणाल म्हणाली. "अशा वेळी दोघींचे एकदम लागले तर धरत नाहीत."

"का नाही धरत? लागलं ना तिला!"

त्या बसतायत तोवर पुन्हा दिवा पेटला. एकच, त्यांचा. हिरवा.

सायली मास्क काढून रडली आणि हसली, दोन्ही एकदम. सासूबाईंनी जाऊन तिला धरलं. मृणाल खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

संध्याकाळी एक्स-रे काढला. हाड शाबूत. एक रेघसुद्धा नाही. मृणालने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि मला म्हणाली, "बघा. मी खेळले असते."

"घोटा हलवून बघितलाय मी. लिगामेंट अर्धं फाटलंय. खेळली असतीस तर पूर्ण फाटलं असतं."

"कशावरून?"

व्यायामासाठी ती नियमित आली, दर वेळी हा प्रश्न विचारला आणि घोटा छान बरा करून गेली. सायली आता राखीव बसायला तयार नाही. त्यामुळे संघाला नवी चौथी शोधावी लागतेय आणि त्याचंही खापर माझ्यावर आहे.

या कामात चुकीच्या निर्णयाचा पुरावा दुसऱ्या दिवशी सुजून समोर येतो. बरोबर निर्णयाचा कधीच मिळत नाही. टळलेली दुखापत एक्स-रेत दिसत नाही.